विश्लेषण : ‘डाएट’मुळे वजन घटते, पण दातही झिजतात का?

सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्यात लिंबू आणि मध, अकराच्या सुमारास ग्रीन टी, दुपारी जेवणाऐवजी फळांचा रस, संध्याकाळी भूक लागलीच तर दोन खजूर किंवा ‘डाएट’ शीतपेय. वजन कमी करायचे मनावर घेतलेल्या अनेकांचा दिवस थोड्याफार फरकाने असाच जातो. दोन-तीन महिन्यांत वजनाचा काटा खाली येतो, कपडे सैल होतात आणि त्याच सुमारास थंड पाण्याचा घोट घेतला की दातांतून कळ जाते. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेल असे बहुतेकांच्या मनातही येत नाही. वजन घटवण्याची गरज खरीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के महिला आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजन किंवा लठ्ठ गटात आढळले होते. पण ते घटवताना आपण काय, किती वेळा आणि कशा रीतीने तोंडात घालतो, याचा हिशेब दातांना चुकवावा लागतो.

दात ‘आंबतात’ तेव्हा काय होते?

कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर दात आंबतात, हे लहानपणापासून सर्वांना ठाऊक असते. त्या वेळी आम्लाने दाताच्या पृष्ठभागावर आपले काम सुरू केलेले असते. दातावरचे इनॅमल हा मानवी शरीरातला सर्वात कठीण पदार्थ. वजनाच्या हिशेबात त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचा असतो. पण तोंडातला सामू, म्हणजेच पीएच, साधारण ५.५ च्या खाली गेला की हे स्फटिक विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा सामू दोन ते अडीचच्या आसपास असतो. सामूची मोजपट्टी अशी आहे की एक अंक खाली आला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे अडीच सामूचा द्रव हा साडेपाच सामूच्या द्रवापेक्षा हजारपट आम्लधर्मी.

तरीही कैरी खाऊन कोणाचे दात विरघळलेले दिसत नाहीत, कारण लाळ. लाळ आम्ल पातळ करते, त्याची तीव्रता मारते आणि तिच्यातले कॅल्शियम व फॉस्फेट दाताच्या मऊ पडलेल्या थराला परत मिळते. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि हे दुरुस्तीचे काम अखंड चालू असते. प्रश्न येतो तो आम्लाचा मारा रोज, अनेकदा आणि लाळ कमी असताना होऊ लागला की. सकाळी उठल्यावर तोंड कोरडे असते, कारण झोपेत लाळ फारच कमी स्रवते. नेमक्या त्याच वेळी आपण लिंबूपाणी पितो आणि ‘गरम आहे’ म्हणून ते पंधरा मिनिटे घोट घोट घेत राहतो.

हाड मोडले तर जुळते, कातडी सोलली तर भरून येते. इनॅमलचे तसे नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात. मऊ पडलेला थर लाळेने पुन्हा टणक होऊ शकतो, मात्र झिजून गेलेला थर शरीर पुन्हा बनवत नाही.

कीड वेगळी, झीज वेगळी ती कशी?

‘मी तर साखर पूर्ण सोडली आहे, मग दातांना काय होणार?’ हा युक्तिवाद इथे अर्धाच लागू पडतो. कीड लागते तेव्हा दातांवरच्या थरातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते. झीज होते तेव्हा जिवाणूंची गरजच नसते. खाण्यापिण्यातले किंवा पोटातून वर आलेले आम्ल थेट इनॅमलवर काम करते. साखर सोडल्याने पहिला धोका खरोखरच कमी होतो. पण साखरेच्या जागी लिंबू, व्हिनेगर, आवळ्याचा रस आणि ‘झीरो शुगर’ शीतपेये आली, तर दुसरा वाढतो.

डाएट शीतपेय हे त्याचे चांगले उदाहरण. त्यात साखर नाही, उष्मांक जवळपास शून्य, परंतु फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्ल असतेच. सामूच्या बाबतीत साध्या आणि डाएट कोलात फार अंतर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडवा देणारे पदार्थ वापरू नयेत अशी शिफारस केली. त्यांच्याने दीर्घकाळात चरबी कमी होण्यास मदत होत नाही, असा आढावा त्यामागे होता. म्हणजे ज्या कारणासाठी ही बाटली घ्यायची ते कारणही डळमळीतच.

लिंबू-मध पाण्यात तर दोन्ही धोके एकत्र येतात. आम्ल लिंबाचे आणि साखर मधाची. मध नैसर्गिक असला तरी त्याचा बहुतांश भाग साखरच असतो, आणि तोंडातले जिवाणू नैसर्गिक-अनैसर्गिक असा भेद करत नाहीत.

ॲपल सायडर व्हिनेगरची गोष्ट काय?

गेल्या काही वर्षांत घराघरांत पोहोचलेले हे पेय आपल्या विषयात सर्वाधिक बोलके आहे. २०१२ मध्ये नेदरलँड्समधील एका दंतवैद्यकीय नियतकालिकात १५ वर्षांच्या एका मुलीची नोंद प्रसिद्ध झाली. वजन कमी करण्यासाठी ती रोज एक ग्लास ॲपल सायडर व्हिनेगर, तेही पाणी न घालता, पीत होती. तिच्या दातांची झीज झाल्याचे तपासणीत दिसले. अर्थात ही एका व्यक्तीची नोंद आहे, आणि बिनपाण्याचा ग्लासभर व्हिनेगर हा अतिरेकच. पण तिचे वय लक्षात घेण्यासारखे आहे. त्या दातांवर तिला पुढची पन्नास-साठ वर्षे काढायची आहेत.

दुसरी बाजू फायद्याची. २०२४ मध्ये लेबनॉनमधील एका अभ्यासाची जगभर चर्चा झाली. १२ ते २५ वयाच्या १२० अतिवजन व्यक्तींना १२ आठवडे रोज ५, १० किंवा १५ मिलिलिटर ॲपल सायडर व्हिनेगर पाण्यातून दिले आणि त्यांचे वजन काही किलोंनी घटले, असा तो दावा होता. समाजमाध्यमांवरच्या कित्येक चित्रफितींना त्याने ‘विज्ञानाचा आधार’ मिळवून दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएमजे समूहाने हा शोधनिबंध मागे घेतला. त्यातली आकडेवारी तज्ज्ञांनी पुन्हा तपासली तेव्हा निष्कर्ष जुळले नाहीत आणि माहितीत विसंगती आढळल्या. चित्रफिती मात्र अजून फिरतच आहेत.

याच व्हिनेगरच्या गोड, चघळायच्या गोळ्याही बाजारात आल्या आहेत. त्यांत बहुधा साखर असते, आंबटपणा असतो आणि त्या दातांना चिकटतात. दंतवैद्याला नको असलेले तिन्ही गुण एका गोळीत.

दोनदा जेवावे की दर दोन तासांनी खावे?

महाराष्ट्रात या प्रश्नावरून घराघरांत वाद झडले आहेत. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत सांगते, की कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा सल्ला दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा. दोन्ही बाजूंचे समर्थक इन्सुलिन, चयापचय, भूक यांवर तावातावाने बोलले; दातांचा विषय त्यात कोणी काढला नाही.

दातांना मात्र या प्रश्नावर ठाम मत आहे. अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिले, की साखर तोंडात गेल्यावर दातांवरच्या थराचा सामू काही मिनिटांतच धोक्याच्या रेषेखाली जातो आणि पूर्ववत व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे एका वेळी चार पेढे खाल्ले तर दातांना एक धक्का बसतो. तेच चार पेढे दिवसभरात चार वेळा खाल्ले तर चार.

याच काळात स्वीडनमध्ये लुंड शहराजवळच्या विपेहोल्म रुग्णालयात एक प्रयोग सुरू झाला. तिथे ठेवलेल्या मतिमंद रुग्णांना, त्यांच्या संमतीचा प्रश्नही न विचारता, वेगवेगळ्या प्रकारे गोड पदार्थ देण्यात आले. काहींना तर दाताला मुद्दाम चिकटेल अशी टॉफी. १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणासोबत खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेले चिकट गोड दातांचे कितीतरी अधिक नुकसान करते, हे त्यातून दिसले. वैद्यकीय नीतिमत्तेच्या दृष्टीने हा प्रयोग लाजिरवाणाच होता. स्वीडनमध्ये मुलांना फक्त शनिवारी गोळ्या-चॉकलेट देण्याची प्रथा रुजली, ती या निष्कर्षांतून.

या कसोटीवर दोनदा जेवणाची पद्धत दातांना सोयीची ठरते, कारण लाळेला दुरुस्तीसाठी लांब सवड मिळते. पण दर दोन तासांनी खाण्याचा सल्लाही दातांच्या मुळावर उठणारा नाही. दिवेकर ज्या गोष्टी सुचवतात त्यात शेंगदाणे, सुका मेवा, फळे असे घरचे खाणे असते. मूठभर शेंगदाण्यांनी तोंडात फारसे आम्ल होत नाही. गडबड होते ती ऐकणाऱ्याकडून. ‘दर दोन तासांनी’ एवढेच लक्षात राहते आणि डब्यात येते मारी बिस्कीट. बिस्किटाचा लगदा दाढांच्या खाचांत बसतो आणि पुढच्या दोन तासांनी त्यावर नवा थर चढतो. उपवासाच्या साबुदाण्याचेही तेच. तो जवळपास निव्वळ पिष्टमय, शिवाय चिकट, आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे काही उगाच म्हटलेले नाही.

दोनदा जेवणारे किंवा सोळा तास उपाशी राहणारे चुकतात ते मधल्या वेळेत. भूक मारायला दिवसभर लिंबूपाणी किंवा कोकमपाणी घोट घोट घेणे म्हणजे जेवण दोनदा आणि आम्ल वीस वेळा. मधल्या वेळेसाठी साधे पाणी उत्तम, आणि पातळ ताकही चालते. ताक आंबट असूनही दातांना फारसे बाधत नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट आधीच विरघळलेले असते. त्यामुळे दातातले खनिज बाहेर पडण्याचा वेग मंदावतो. आपल्या आजीच्या जेवणाच्या शेवटी ताक होते ते यासाठी नव्हे, पण फायदा झालाच.

रस, खजूर, प्रोटीन बार यांचे काय?

फळ चावून खाणे आणि त्याचा रस पिणे यांत दातांच्या दृष्टीने मोठा फरक आहे. चावताना लाळ सुटते. रस प्यायला चावावे लागत नाही, आणि फळाच्या पेशींत बंद असलेली साखर त्यात मोकळी होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर ‘मुक्त साखर’ मानते. अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, शक्य तर ५ टक्क्यांखाली ठेवा, असे ती २०१५ पासून सांगते. तीन दिवस फक्त रसावर राहण्याच्या ‘डिटॉक्स’मध्ये दात साखर आणि आम्ल या दोन्हींत भिजत राहतात, तेही चावण्याने सुटणाऱ्या लाळेविना.

साखरेला पर्याय म्हणून येणारे खजूर, अंजीर, मनुका पोषक आहेत यात वाद नाही. पण ते चिकटतात. जेवणाच्या शेवटी खाल्ले तर ठीक. संध्याकाळी कामाच्या टेबलावर वाटी ठेवून एकेक तोंडात टाकणे वाईट. प्रोटीन बारच्या वेष्टनावर ‘नो ॲडेड शुगर’ लिहिलेले असले तरी खजुराचा लगदा किंवा सिरप आहे का, हे मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय कळत नाही.

केटोने तोंडाला वास का येतो?

पोळी, भात, साखर जवळपास बंद करून चरबीवर भर देणाऱ्या केटो आहारात शरीर इंधन म्हणून चरबी जाळते. त्यातून कीटोन तयार होतात. त्यांपैकी ॲसिटोन श्वासावाटे बाहेर पडतो. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा हा वास फुप्फुसांतून येतो, त्यामुळे दहा वेळा दात घासूनही जात नाही. पाणी भरपूर पिणे एवढाच उपाय. वास झाकायला साखरेच्या मिंटच्या गोळ्या चघळल्या, तर आहार बिघडतो आणि दातही. साखरविरहित च्युइंगम मात्र चालते, त्याने लाळ सुटते. (मधुमेहींनी हा आहार डॉक्टरांना न विचारता करू नये, हे वेगळे सांगायला हवे. त्यांच्यात श्वासाला असा वास येणे हे गंभीर आजाराचेही लक्षण असू शकते.)

पिष्टमय पदार्थ आणि साखर कमी केल्याचा हिरड्यांना लाभ होऊ शकतो, असे सुचवणारा एक गमतीदार प्रयोग आहे. स्वित्झर्लंडमध्ये दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमासाठी दहा जण चार आठवडे अश्मयुगातल्यासारखे राहिले. प्रक्रिया केलेली साखर नाही आणि टूथब्रशही नाही. दंतवैद्यांनी त्यांना आधी आणि नंतर तपासले. दातांवरचा थर वाढलेला होता, पण हिरड्यांतून रक्त येण्याच्या जागांचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवरून १३ टक्क्यांपर्यंत खाली आले. दहा माणसांवरून नियम बनवता येत नाही, आणि ब्रश टाकून द्यायचा सल्लाही यातून कोणी काढू नये. मात्र वजन घटवणे दातांच्या विरोधातच जाते असे नाही, एवढे यावरून दिसते. लठ्ठपणा आणि मधुमेह यांचा हिरड्यांच्या आजाराशी संबंध आहे. मधुमेह आटोक्यात आला की हिरड्याही सुधारतात.

‘क्रॅश डाएट’मध्ये हिरड्या का दुखावतात?

काकडी, सूप आणि ब्लॅक कॉफीवर महिना काढणाऱ्यांच्या आहारातून प्रथिने, लोह, फॉलेट, ब-१२, क आणि ड जीवनसत्त्व एकदमच कमी होते. तोंडाच्या आतली त्वचा शरीरात सर्वात वेगाने बदलणाऱ्या उतींपैकी एक आहे, त्यामुळे कमतरता तिथे लवकर दिसते. वारंवार तोंड येणे, जीभ लालसर आणि गुळगुळीत होणे, ओठांचे कोपरे फाटणे ही त्याची लक्षणे. क जीवनसत्त्व फार कमी पडले तर हिरड्या सुजतात, रक्त येते. आधीच रक्तक्षय असलेल्या मुलींनी लग्न ठरल्यावर दोन महिन्यांत दहा किलो उतरवण्याचा चंग बांधणे हे म्हणूनच केवळ दातांच्याच दृष्टीने नव्हे, एकंदरीतच वेडेपणाचे आहे.

वजनाची इंजेक्शने आणि उलटीचा प्रश्न काय?

२०२५ मध्ये मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही औषधे भारतीय बाजारात आली. वेगोवीच्या माहितीपत्रकानुसार चाचण्यांमध्ये प्रौढांपैकी ४४ टक्क्यांना मळमळ आणि २४ टक्क्यांना उलट्या झाल्या. पोटातले आम्ल लिंबापेक्षाही तीव्र असते. समाजमाध्यमांवर यावरून ‘ओझेम्पिक टीथ’ असा शब्दही रूढ झाला. औषध स्वतः दात खराब करते असे सिद्ध झालेले नाही. पण उलट्या, कमी झालेली तहान आणि त्यामुळे कोरडे पडणारे तोंड यांचा परिणाम दातांवर होणे स्वाभाविक आहे. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये. साध्या पाण्याने किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चुळा भराव्यात.

काही जणांची, विशेषतः किशोरवयीन मुलींची उलटी औषधाने होत नाही. वजनाच्या धास्तीने खाणे आणि मग ते मुद्दाम बाहेर काढणे हा बुलिमिया नावाचा मानसिक आजार आहे. अशा रुग्णाच्या वरच्या पुढच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू झिजते. घरच्यांना ती दिसत नाही, दंतवैद्याच्या आरशात मात्र दिसते. त्यामुळे हा आजार कित्येकदा पहिल्यांदा त्या खुर्चीत लक्षात येतो. तिथे मुलीला रागावून उपयोग नसतो, मानसोपचाराची गरज असते. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आहार न सोडता दात कसे जपावेत?

लिंबूपाणी सोडवतच नसेल तर मध वगळा, पाणी जास्त घ्या, स्ट्रॉ वापरा आणि चहासारखे चवीने न पिता दोन मिनिटांत संपवा. लगेच साध्या पाण्याने चूळ भरा. त्यानंतर किमान अर्धा तास, शक्य तर तासभर ब्रश करू नका. आम्लाने मऊ पडलेला थर ब्रशने खरवडून निघतो. सोपा मार्ग म्हणजे ब्रश आधी, लिंबूपाणी नंतर. राखुंडी, कोळशाची पावडर किंवा खरखरीत मंजन अशा दातांवर वापरणे म्हणजे घासणी लावण्यासारखेच. मिश्रीत तर तंबाखूही असतो.

पेस्ट फ्लोराइडची असावी. ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये ते नसते. रात्री झोपताना ब्रश केल्यावर पाण्याखेरीज काही घेऊ नये. ‘रात्री वजन उतरवणारे’ व्हिनेगर तर मुळीच नाही, कारण त्यानंतर सात-आठ तास लाळ जवळपास रजेवर असते.

झीज ओळखायची खूण कीडसारखी काळी नसते, म्हणून ती उशिरा लक्षात येते. समोरच्या दातांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक दिसू लागतात, दात आधीपेक्षा पिवळे वाटतात (आतले पिवळसर डेंटिन डोकावू लागते), दाढांवर छोटे खळगे पडतात, थंड-गरम सहन होत नाही. अशा वेळी दंतवैद्याकडे गेल्यावर कोणता आहार चालू आहे आणि सकाळी उठून काय पिता, हेही आपणहून सांगावे. झिजलेल्या जागी दाताच्या रंगाचे सिमेंट भरता येते, फार झाले तर कॅप बसवता येते. पण पेय तेच राहिले, तर सिमेंट जागेवर टिकते आणि त्याच्या भोवतीचा दात खाली झिजत जातो.